मामांच्या डोक्यावरचा राब

जव्हारहून मोखाड्याला जाताना रस्त्याला जेवढी वळणं लागतात ना, त्याच्याहून जास्त उपाय आमच्या मामांनी आपल्या डोक्यावर करून बघितलेत, आणि हे मी वाढवून सांगत नाही, त्यांना स्वतःला विचारा, ते आणखी चार वाढवून सांगतील. मामा म्हणजे माझे नाहीत, आमच्या ह्यांचे, माझ्या सासूचे सख्खे भाऊ. धंदा जीपचा. जव्हारच्या नाक्यावरून माणसं भरायची, कधी दाभोशाकडं, कधी आमच्या साखरशेतकडं, बाजाराच्या दिवशी मोखाड्याकडं. पण हे लोक समजतात. मामांना विचाराल तर त्यांचा खरा धंदा केस उगवायचा, जीप आपली मधे मधे चालवतात. आणि डोक्यावर म्हणाल तर कानांच्या वर एक झालर आहे, मागं थोडं काहीतरी आहे, आणि मधे सगळा माळ. जव्हारजवळच्या शिरपामाळावर तरी गवत असतं.

आता हे सांगताना मला हसू येतं, पण मी ह्या माणसाला घाबरायची. लग्न होऊन आले तेव्हा नाही, तेव्हा मजा वाटायची. माझ्या पोरीच्या डोक्यावर रुपयाएवढी जागा एकदम साफ झाली, एक केस नाही, आणि सासू म्हणाली आता मामाला बोलावते, त्या दिवसापासून घाबरायला लागले. पोरगी चार वर्षांची, अंगणवाडीत जाणारी, आणि मामा म्हणजे बाटल्यांची पिशवी घेऊन येणार. मी का घाबरले ते कळायचं तर आधी मामा काय आहेत ते कळायला पाहिजे, म्हणून सगळं सांगते.

जीपमधला आरसा मागचं बघायला असतो, हे मला पण माहीत आहे. मामांचा आरसा खाली वाकवलेला, त्यात फक्त मामांचं डोकं दिसतं. घाट चढताना एक डोळा रस्त्यावर, एक डोळा आरशात, मागं बसलेल्या बाया देवाचं नाव घेतायत, कोणी म्हणालं, "मामा, रस्त्याकडं बघा की," तर मामा म्हणणार, "रस्ता कुठं जातोय? तो हायच. जातात ते केस." आणि पुढच्या सीटवर कोणाला बसवायचं हे पण केसांवर. म्हातारं माणूस, पोटुशी बाई, आजारी माणूस, ह्यांना मामा कधी नाही म्हणत नाहीत, पण तसं कोणी नसलं की सगळ्यात दाट केसांचा जो असेल तो पुढं. तो बिचारा खूश होतो, मान मिळाला म्हणून, आणि मग उतरेपर्यंत त्याची सुटका नाही. आजा कोण होता, आज्याचे केस कसे होते, आई कोणतं तेल लावायची, खुरासणीचं का मोहाचं, विहिरीचं पाणी का नदीचं. एक शिकलेला पोरगा म्हणाला, मी काहीच लावत नाही. मामा त्याच्याशी पुढं बोलले नाहीत. नंतर घरी येऊन म्हणाले, "लबाड हाय. सांगत नाय."

तोंडावरून माणूस ओळखायची त्यांना सवयच नाही. जीपमधून कोण आलं विचारलं तर म्हणणार, "तो दोन भोवऱ्यांचा," नाहीतर, "ती, भांग रुंद होत चाललाय ती, तिला भाजीपाला खायाला सांगाया पाहिजे." माझ्या नणंदेला स्थळ बघायला गेले तर बाकीच्यांनी पोराची नोकरी विचारली, शेत विचारलं, मामा म्हणाले, पोरा, जरा मान खाली कर. त्यानं केली. त्याला वाटलं पाया पडायचंय. मामांनी केसांत बोटं घालून सगळीकडून बघितलं आणि सगळ्यांच्या समोर सांगितलं, "पोरगा चांगला हाय, पण कपाळ मागं सरकणार ह्याचा." पोराचा बाप पण टकला. तो लाल झाला, सासूनं कपाळाला हात लावला, आता उठा म्हणतात काय असं झालं. पण बाप मामांच्या डोक्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "तुमी कांद्याचा रस लावून बघितला?" झालं, दोघं ओट्यावर जाऊन बसले, चहा गार झाला तरी उठेनात, आणि येताना मामा म्हणाले स्थळ पक्कं करा, घर फार विचारी आहे. नणंद सुखात आहे. जावयाचं कपाळ मागं सरकतंय पण.

कांद्याचा रस मामांनी लावला, लसूण लावला, माका वाटून लावला, जास्वंद लावली, कोणी सांगितलं वासरानं चाटलं की केस उभे राहतात म्हणून डोक्याला मीठ चोळून गोठ्यात जाऊन बसले. वासराला मीठ आवडलं. दुसऱ्या दिवसापासून मामा अंगणात दिसले की वासरू दावं तोडायला बघायचं, जेवायला बसले की मागून येऊन टकलावर जीभ फिरवायचं, आणि मामी म्हणायची, "चाटू द्या, त्याला तरी तुमच्या डोक्याचा उपयोग हाय." मामीचे केस गुडघ्यापर्यंत. आयुष्यात तिनं खोबरेल सोडून काही लावलं नाही. न्हाऊन केस वाळवायला बसली की मामा तिच्याकडं असं बघतात की दुसऱ्या कोणाला वाटेल केवढं प्रेम आहे. प्रेम आहेच, पण त्यात हिशोब पण आहे.

एकदा दाभोशाला धबधब्यावर शहरातली माणसं आलेली, मामांच्याच जीपनं. त्यातल्या एकाचे केस म्हणजे काळेभोर, चकचकीत, पुढच्या सीटवर बसवून मामांनी त्याला पार पिळून काढलेला, तो नुसता हसायचा. धबधब्याखाली गेला आणि केस एकीकडं, तो एकीकडं. खोटे केस होते ते. पाण्यात वाहत चाललेले, सगळे हसतायत, मामा कपड्यांसकट पाण्यात शिरले, दगडाआड अडकलेले केस काढले, पिळले, झटकले, आणि दोन्ही हातांवर धरून त्याला नेऊन दिले, देवाचा टाक द्यावा तसे. स्वतःच्या डोक्यावरचा टॉवेल काढून त्याच्या डोक्यावर टाकला, लोकांनी बघू नये म्हणून. मला हे मामीनं सांगितलं. देण्याआधी दगडाआड उभं राहून एकदा आपल्या डोक्यावर घालून बघितले, हे पण तिनंच सांगितलं.

पण मी घाबरले ती बिब्ब्यामुळं. आमच्याकडं भात, नागली पेरायच्या आधी राब भाजतात. वाफ्याच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. जागा भाजली की तण मरतं, आणि पाऊस पडल्यावर रोप कसं जोमानं येतं. लहान पोराला पण हे माहीत असतं. मामांनी हेच डोक्याला लावलं. म्हणाले, "जमीन भाजल्याबिगर रोप येत नाय, आन डोका काय वेगळा हाय?" डोकं पेटवता तर येत नाही, म्हणून मग बिब्ब्याचं तेल. बिब्बा ज्यानं हाताळलाय त्याला सांगायला नको, तेल नुसतं लागलं तरी कातडी उतरते. मामांनी सगळ्या माळाला लावलं, हातचं राखून नाही, शेणाचा पोतेरा फिरवावा तसं. संध्याकाळपर्यंत डोकं सुजलं, सकाळी डोळे बंद, तोंड फणसासारखं. जीप दारात उभी, माणसं चालत बाजाराला. मी बघायला गेले तर मामा खाटेवर उताणे, डोक्यावर फोड फोड, आणि मामी ओल्या फडक्यानं वारा घालतेय, रडतेय पण आणि बोलतेय पण, "राब चांगला भाजलाय हो. आता आवणी कधी करताय?" आणि मामा तसेच, डोळे मिटलेले, म्हणाले, "पाऊस पडू दे."

आवणी म्हणजे आमच्याकडं रोप उपटून दुसऱ्या शेतात लावतात ती. ती पण मामांना करायची होती. नाशिकला केस लावून देतात, मागचे काढून पुढं लावतात, असं कोणी जीपमध्ये सांगितलं आणि मामांना ते लगेच पटलं, म्हणाले, हे डॉक्टर लोक आपलंच बघून शिकलेत. नवा सदरा घालून नाशिकला गेले. संध्याकाळी परत आले. मामीनं विचारलं काय म्हणाला डॉक्टर, तर म्हणाले, "वर गेलोच नाय. जिना चढणारे टकले, उतरणारे पण टकले. अर्ध्या जिन्यावरून फिरलो."

तर असे हे मामा, आणि माझ्या पोरीच्या डोक्यावरचे केस गेलेले.

मी सकाळी वेणी घालत होते, फणी फिरवली आणि मागं, डाव्या कानाच्या वर, बोटाला गुळगुळीत लागलं. केस बाजूला केले तर गोल जागा, लख्ख, जशी कोणी घासून काढली. ना खाज ना जखम, पोरगी म्हणतेय सोड ना आई, मला जायचंय. मी तिला तशीच शेजारच्या घरी नेली. शेजारची म्हणाली चाई लागली, केसांत किडा असतो, तो रोज थोडं थोडं खातो, सगळं डोकं खाऊन टाकतो. मी दिवसातून दहा वेळा पोरीला उन्हात नेऊन किडा शोधायची. मिळत नव्हता. जागा मोठी होत होती पण, आधी रुपयाएवढी मग पेरूच्या फोडीएवढी, आणि तिच्या बाजूला दुसरी. हे भिवंडीला कामाला, फोन लागायचा तर टेकडीवर जावं लागतं, लागला तर म्हणाले आईला विचार. आईला म्हणजे सासूला. सासू म्हणाली त्यात काय विचारायचं, आपल्या घरात एवढा केसांचा माणूस आहे.

मामा आले. हातात पिशवी, पिशवीत बाटल्या, चालताना वाजतायत. मी पोरीच्या डोक्याला घट्ट फडकं बांधून ठेवलेलं, म्हटलं बघितलंच नाही तर लावणार काय. पण ह्या माणसाला तोंड दिसत नाही, डोकंच दिसतं.

"पोरीचा डोका कशाला बांधलास एवढ्या उकाड्यात?"

"सर्दी झालीय मामा."

"सर्दी नाकाला होते."

तेवढ्यात सासू आतून आली आणि म्हणाली अरे तिचेच केस गेलेत, तुला म्हणून तर बोलावला, हिचं काय ऐकतोस. मी पोरीला उचलली, छातीशी धरली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मामांपुढं मी कधी मान वर करून बोलले नव्हते, त्या दिवशी तोंडातून कसं निघालं मला कळलं नाही. म्हटलं, "मामा, तुम्ही मोठे आहात, पण माझ्या पोरीला बिब्बा लावू देणार नाही. मी घर सोडून जाईन पण लावू देणार नाही."

सासूच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मामा माझ्याकडं बघत राहिले, माझ्या डोक्याकडं नाही, माझ्याकडं. मग हातातली पिशवी सासूला दिली आणि म्हणाले, "ही वर फळीवर ठेव. पोरीचा हात जायाला नको." आणि जमिनीवर बसले, टॉवेल काढला आणि पोरीपुढं डोकं वाकवलं. "आधी तू माझा बघ," म्हणाले, "मंग मी तुझा बघतो." पोरगी माझ्या कडेवरून उतरली, तिनं टकलावर हात फिरवला, बिब्ब्याच्या डागांवर बोट ठेवून विचारलं, इथं काय झालं. मामा म्हणाले, "इथं आजा येडा झालेला." पोरगी हसली, आणि तिनंच आपलं फडकं सोडलं.

मामांनी बघितलं. स्थळ बघायला गेले तेव्हा जावयाच्या केसांत बोटं घातलेली, तसं नाही, हात मागं बांधून, नुसतं वाकून. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर. मग पोरीच्या कानामागं फुंकर मारली आणि उठले.

"चल."

"कुठं?"

"जव्हारला. दवाखान्यात."

सासू म्हणाली, "अरे तू असताना दवाखाना कशाला?"

"मी असताना? बाय, माझ्या डोक्याकडं बघ जरा. मी असताना काय झाला ता बघ." मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "ह्यो माळ माझा हाय गं पोरी. जळला तर माझा जळला. पोरीच्या डोक्यावर कोणी शिकत नाय."

आमच्याकडची जीप भरल्याशिवाय हलत नाही. पुढं चार, मधे पाच, मागं जेवढे मावतील तेवढे, पायरीवर दोन, आणि मग ड्रायव्हर अर्धा बाहेर बसून गाडी चालवतो. मी लग्न होऊन आल्यापासून रिकामी जीप रस्त्यावर बघितली नव्हती. त्या दिवशी मामांनी मला आणि पोरीला पुढं बसवलं आणि गाडी काढली. फाट्यावर माणसांनी हात केला, मामा थांबले नाहीत. पुढं एक बाई भाजीची पाटी घेऊन उभी, तिनं ओरडून विचारलं, "मामा, कुठं चालला रिकामी घेऊन?" मामा खिडकीतून म्हणाले, "रिकामी नाय, भरलीय." पोरगी हरखून एवढ्या मोठ्या गाडीत इकडून तिकडं सरकत होती, आणि माझ्या डोक्यात एकच, डॉक्टर म्हणणार उशीर झाला, किडा आत गेला, आता सगळे जाणार, माझी पोरगी जन्मभर फडकं बांधून फिरणार, तिला शाळेत चिडवणार, तिच्या लग्नात कोणी म्हणणार मान खाली कर.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर बाई होती, वयानं माझ्याएवढीच असेल. तिनं पोरीचे केस बाजूला केले, भिंगातून बघितलं, नखं पण बघितली. म्हणाली चाईच आहे, पण किडाबिडा काही नसतो, आपलंच शरीर कधी कधी केसांच्या मुळांवर उलटतं, लहान पोरांत बहुतेक वेळा परत येतात, वेळ लागेल, हे औषध सांगते तेवढं लावा, आणि दुसरं काहीही लावू नका, लसूण नको, जळजळीत काही नको. मी विचारलं सगळे जाणार नाहीत ना. ती म्हणाली, तसं आत्ता तरी काही दिसत नाही, तुम्ही इतक्या घाबरू नका, पोरीला तुमच्याकडं बघून भीती वाटेल. मग म्हणाली, पहिले केस पांढरे आले तर दचकू नका, मागून काळे होतात.

मामा दाराशी उभे होते. टॉवेल हातात, डोकं उघडं, वर ट्यूबलाइट, सगळा माळ चमकतोय. जन्मात पहिल्यांदा केसांचं कळणारं माणूस त्यांच्यासमोर बसलेलं. मला वाटलं आता विचारणार, आता खिशातून यादी काढणार. डॉक्टर बाईचं पण लक्ष गेलं, तिनं विचारलं, "काका, तुमचं काय आहे?"

मामा म्हणाले, "माझा काय नाय. मी ड्रायव्हर."

परत येताना गाडी भरली होती, मी पुढंच, पोरगी मांडीवर झोपलेली. मला राहवेना. म्हटलं, मामा, तुमचं पण विचारायचं होतं की, ती स्वतःहून विचारत होती. मामांनी वळण घेतलं, गिअर बदलला. मग म्हणाले, "विचारला असता, आन ती नाय म्हणाली असती तर? अजून मला, आता येणार नाय, असा कोणी म्हणाला नाय गं."



त्यानंतर मामा रोज यायचे. भरलेली जीप आमच्या दारात उभी करायचे, आतली माणसं ओरडतायत, मामा पोरीला ओट्यावर बसवून बघायचे, काही लावायचे नाहीत, बोट पण नाही, नुसतं बघायचे, आणि निघताना माझ्याकडं बघून मान हलवायचे, अजून नाही. मी पण हलवायची. असं किती दिवस चाललं मी मोजलं नाही. भात कापणीला आला होता तेव्हा एका सकाळी मामा वाकले ते वरच होईनात. मला वाटलं तिसरी जागा पडली. पळत गेले. मामांनी पोरीचं डोकं उन्हाकडं धरलं आणि मला म्हणाले, "श्वास रोखून बघ." काही दिसलं नाही. मग ऊन सरकलं आणि दिसलं, पांढरं, अगदी बारीक, बाळाच्या कानावर असते तशी लव. जीपमधला एक माणूस खाली उतरून आला, मामा चला की, पोराला एसटी धरायची आहे, आणि त्यानं मामांचं तोंड बघितलं आणि तो गपचूप परत जाऊन बसला.

आता ती शाळेत जाते. केस काळे आहेत, जरा जास्तच दाट, दोन वेण्या घालते. कुठं जागा होती ते मला सांगता येणार नाही, मामा मात्र डोळे मिटून बोट ठेवतील. मी अजून वेणी घालताना आधी बोटांनी सगळं डोकं चाचपते, पोरगी वैतागते. मामांच्या कानांवरची झालर आता पांढरी झालीय, जीप दुपारनंतर चालवत नाहीत, डोळ्यांचं काहीतरी झालंय. येतात, ओट्यावर बसतात, पोरगी मागं उभी राहून त्यांच्या डोक्याला तेल लावते, मी तिला औषध लावायची तसं, हळू, नखं न लावता. परवा तिनं विचारलं, "आजा, तुझे कधी येणार?" मामा म्हणाले, "तुझे आधी कमरेपर्यंत जाऊ दे." तेव्हापासून ती रोज शाळेतून आली की वेण्या सोडते, पाठ भिंतीला लावते आणि मला विचारते, आई, कुठपर्यंत आले. मी हात लावून दाखवते. अजून खूप आहे म्हणते. ती म्हणते, मग आजाला सांग, थोडं थांब.